मध्यम किमतीत टिकाऊ लॅपटॉप कसा निवडावा

४५ ते ६० हजार रुपयांच्या टप्प्यातले चार-पाच लॅपटॉप दुकानात शेजारी शेजारी ठेवले, तर त्यांत डावे-उजवे करणे कठीण जाते. सगळ्यांचा पडदा १४ किंवा १५.६ इंची असतो, बहुतेकांत ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे फायली साठवण्याची जागा, असते आणि किमतीच्या चिठ्ठीवर प्रोसेसरचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असते. खरा फरक त्या चिठ्ठीवर नसलेल्या बाबींत असतो. एवढ्या किमतीत यंत्र बसवायचे, तर उत्पादकाला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो; कोणी तो पडद्यात घेतो, कोणी बॅटरीत, कोणी बिजागरीत, तर कोणी रॅम, म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती स्मृती, मुख्य बोर्डावर कायमची जोडून टाकतो. त्यामुळे लॅपटॉपमध्ये काय काय दिले आहे याची यादी वाचण्यापेक्षा काटकसर कुठे झाली आहे हे शोधणे आणि ती आपल्या कामाला चालण्यासारखी आहे का हे ठरवणे, हेच निवडीचे मुख्य काम आहे. पुढील विवेचन अभ्यास, कार्यालयीन काम, हिशेब, लेखन आणि ऑनलाइन बैठका यांसाठी यंत्र घेऊन ते किमान पाच वर्षे वापरू इच्छिणाऱ्यांना समोर ठेवून केले आहे. गेम आणि व्हिडिओ संपादन यांचे गणित निराळे आहे.

खरेदीदार सर्वाधिक वेळ प्रोसेसरवर खर्च करतात, आणि टिकाऊपणाशी सर्वांत कमी संबंध त्याचाच असतो, कारण लॅपटॉपच्या बिघडणाऱ्या भागांत प्रोसेसर क्वचितच येतो. तरीही नावांच्या गुंत्यात फसगत होऊ नये एवढी माहिती हवी. इंटेलच्या ‘कोअर आय-५ १२३५यू’ या नावातले १२ म्हणजे पिढी, आणि शेवटचे ‘यू’ हे कमी वीज खाणाऱ्या वर्गाचे अक्षर, ज्याची मूळ मर्यादा १५ वॉट असते. त्याच जागी ‘एच’ असेल तर ती ४५ वॉटपर्यंत जाते, म्हणजे उष्णता अधिक, पंख्याचा आवाज अधिक आणि बॅटरीची दमछाकही अधिक. विक्रेता ‘एच’ला सरसकट वरचढ ठरवतो, पण पत्रे आणि कोष्टके करणाऱ्या माणसाने ‘यू’ घेतलेला बरा. २०२३ मध्ये इंटेलने नव्या नावांतून ‘आय’ काढून टाकण्याचे जाहीर केले, त्यामुळे आता ‘कोअर ५’ आणि ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी सारखी वाटणारी, परंतु वेगवेगळ्या रचनेची नावे बाजारात आहेत. ‘एन१००’सारखे ‘एन’ने सुरू होणारे प्रोसेसर लहान मुलांच्या अभ्यासापुरते ठीक असतात, घरातले एकमेव यंत्र म्हणून ते घेऊ नयेत.

एएमडीच्या बाबतीत गुंता थोडा अधिक खोल आहे. रायझन ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरांत पहिला अंक वर्ष सांगतो आणि अंतर्गत रचना तिसरा अंक सांगतो. ‘रायझन ५ ७५२०यू’ आणि ‘रायझन ५ ७५३०यू’ या नावांत एकाच अंकाचा फरक दिसतो, मात्र पहिल्यात झेन २ या २०१९ च्या रचनेचे चार कोअर, म्हणजे गणन करणारे भाग, आहेत, तर दुसऱ्यात झेन ३ चे सहा. शिवाय ७५२०यू ला एलपीडीडीआर५ जातीचीच रॅम चालते, जी प्रत्यक्षात बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, असते. असा लॅपटॉप ८ जीबी रॅमसह घेतला, तर तो अखेरपर्यंत ८ जीबीचाच राहतो. किमतीतला तीन-चार हजारांचा फरक पाहून ७५२०यू घेणारे पुष्कळ असतात, आणि तीन वर्षांनी यंत्र अडखळू लागले की दोष विंडोजला देतात.

रॅमबाबत माझे मत ठाम आहे: १६ जीबी घ्यावी, किंवा ८ जीबी घेतली तर एक खाच रिकामी असल्याची खात्री करूनच घ्यावी. या किमतीच्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड सहसा नसते आणि प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅममधलाच वाटा उचलते; विंडोज ११, ब्राउझरची दहा-बारा पाने आणि एक व्हिडिओ बैठक एवढ्यानेच ८ जीबी भरत येते. रिकाम्या खाचेबद्दल विक्रेत्याचा शब्द प्रमाण मानू नये, कारण पुष्कळदा त्यालाही ते ठाऊक नसते. मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावरील दुरुस्ती-पुस्तिका उघडावी. लेनोवोचे पीएसआरईएफ नावाचे तपशील-संकेतस्थळ, डेलची सर्व्हिस मॅन्युअल आणि एचपीची मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड ही सर्व कोणालाही विनामूल्य पाहता येतात. तेथे ‘मेमरी’ या शीर्षकाखाली रॅम सोल्डर केलेली आहे की खाचेत बसवलेली आहे हे स्पष्ट लिहिलेले असते. त्याच पुस्तिकेत बॅटरी केवळ स्क्रूंनी बसवली आहे का आणि कीबोर्ड सुटा बदलता येतो की वरच्या आवरणासह बदलावा लागतो, हेही चित्रांसह दिसते. ही पंधरा मिनिटांची वाचनाची तसदी घेतली, तर यंत्राचे आयुष्य किती लांबवता येईल याचा बराचसा अंदाज पैसे मोजण्यापूर्वीच येतो.

साठवणुकीबद्दल फार काही सांगण्यासारखे नाही. ‘ईएमएमसी’ (बोर्डावर कायमची जोडलेली, संथ साठवण) हा शब्द दिसला तर तो लॅपटॉप सोडून द्यावा. ‘एनव्हीएमई’ ही वेगवान जातीची एसएसडी असेल तर ती बहुधा पुढे बदलता येते, म्हणून १ टीबीसाठी आजच जादा पैसे देण्याचे कारण नाही.

आता बिजागरीकडे वळू, कारण मध्यम किमतीचे लॅपटॉप सर्वांत अधिक इथेच दगा देतात. झाकण आणि तळ यांना जोडणारी बिजागरी धातूची असते, परंतु ती ज्या आवरणाला स्क्रूने धरलेली असते ते प्लास्टिकचे असते. त्या प्लास्टिकला लहान लहान खुंट असतात, खुंटांत पितळी नळ्या बसवलेल्या असतात आणि स्क्रू त्या नळ्यांत फिरतो. रोजच्या उघडझापीने बिजागरी ताठर होत गेली की सगळा ताण खुंटांवर येतो, आणि एके दिवशी खुंट तडकून पितळी नळीसकट निघून येतात. आधी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात फट दिसते, मग झाकण उघडताना कटकट असा आवाज येतो, आणि तरीही वापर चालू ठेवला तर बिजागरीजवळून जाणारी पडद्याची केबल चिमटली जाऊन पडदा लुकलुकू लागतो. अनेक ठिकाणी हे नुकसान ग्राहकाच्या हातून झालेले मानले जाते आणि वॉरंटी नाकारली जाते. झाकण नेहमी एका कोपऱ्याला धरून उघडण्याची सवय या बिघाडाला हातभार लावते. ते मधोमध धरून उघडावे.

दुकानात याची परीक्षा घेणे अवघड नाही. झाकण मधोमध एका बोटाने उचलून पाहावे. ते सहज उघडावे आणि कोणत्याही कोनात थरथर न करता थांबावे. उघडलेला लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून किंचित उचलावा आणि तळ किती पिळवटतो ते पाहावे. कीबोर्डच्या मधोमध बोट दाबल्यावर तो खाली जात असेल, किंवा झाकणाच्या पाठीवर हलका दाब देताच पडद्यावर लहरी उमटत असतील, तर दप्तरात पुस्तकांच्या दडपणाखाली त्या यंत्राचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. केवळ झाकण धातूचे असून तळ प्लास्टिकचा असण्याची पद्धत या टप्प्यात सर्रास आहे, तेव्हा हात झाकणावर नव्हे, तर तळावर फिरवावा. ‘मिल-एसटीडी-८१०एच’ या अमेरिकी लष्करी मानकाचा उल्लेख जाहिरातीत असतो. त्या मानकात अनेक चाचण्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या करायच्या हे उत्पादकच ठरवतो. कोणत्या चाचण्या केल्या हे लिहिलेले नसेल, तर त्या उल्लेखाला फारसे वजन देऊ नये.

पडद्याच्या तपशिलात ‘२५० निट्स’ (उजेडाचे माप) आणि ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांच्या व्याप्तीचे माप) हे आकडे दिसले, तर काटकसर तिथे झाली आहे असे समजावे. असा पडदा घरात वापरता येतो, पण खिडकीजवळ बसल्यावर फिका पडतो आणि त्यावर छायाचित्रांचे रंग खरे दिसत नाहीत. ३०० निट्स आणि आयपीएस (बाजूनेही नीट दिसणारा पडदा) ही किमान अपेक्षा ठेवावी. शक्य असेल तर १०० टक्के एसआरजीबी (रंगांच्या व्याप्तीचे दुसरे माप) पाहावे. डोळ्यांनी दिवसाचे सात-आठ तास ज्या गोष्टीकडे पाहायचे, तिच्यासाठी प्रोसेसरची एक पायरी खाली उतरावी लागली तरी हरकत नसावी.

बॅटरी ‘तासांत’ मोजण्याऐवजी वॅट-तासांत मोजावी, कारण जाहिरातीतले तास मंद प्रकाशात आणि हलक्या कामात मोजलेले असतात. साधे कार्यालयीन काम ८ ते १० वॉट वीज घेते असे धरले, तर ४२ वॅट-तासांची बॅटरी नवी असताना चार-पाच तास चालते आणि दोन-तीन वर्षांनी त्याहून बरीच कमी. जिथे भारनियमन होते किंवा उन्हाळी वादळात तासन्‌तास वीज जाते, तिथे लॅपटॉप स्वतःच इन्व्हर्टरचे काम करतो, म्हणून ५० वॅट-तासांच्या पुढची बॅटरी शोधावी. बहुतेक उत्पादकांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. दिवसभर प्लगला लावून काम करणाऱ्यांनी ती पहिल्या दिवसापासून सुरू ठेवली, तर बॅटरी सावकाश झिजते. यूएसबी-सीमधूनही चार्ज होणारे मॉडेल मिळत असेल तर ते घ्यावे, कारण गोल पिनेची खोबण सैल झाली तरी काम अडत नाही आणि चार्जर कुठेही मिळतो.

वीजजोडणीचाही इथे विचार करावा लागतो. धातूच्या आवरणाच्या लॅपटॉपवर चार्जिंग चालू असताना मनगटाला झिणझिण्या येतात, अशी तक्रार जुन्या वाड्यांतून आणि खेड्यांतल्या घरांतून वारंवार ऐकू येते. चार्जरमधल्या संधारित्रांतून अत्यल्प प्रवाह आवरणापर्यंत पोचतो आणि अर्थिंग धड नसेल तर त्याला जमिनीकडे जायला वाट मिळत नाही. अशा वेळी लॅपटॉप परत करण्याआधी तारतंत्र्याला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, आणि तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावण्याची सवय मोडावी. बदली चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. हवामानाचे म्हणाल, तर अनेक लॅपटॉपांच्या तपशिलात वापराचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस लिहिलेले असते, आणि चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीतही पारा त्यापुढे जातो. तिथे गादीवर ठेवून काम करणे म्हणजे तळाच्या झरोक्यांचा श्वास कोंडणे होय.

सेवेचा प्रश्न ब्रँडपेक्षा गावावर अधिक अवलंबून असतो. मुंबई-पुण्यात जी कंपनी उत्तम सेवा देते, तिचे जवळचे सेवा केंद्र तुमच्या तालुक्यापासून १०० किलोमीटरवर असू शकते. म्हणून खरेदीपूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर आपला पिनकोड घालून केंद्र कुठे आहे ते पाहावे आणि वॉरंटी घरी येऊन दुरुस्त करून देणारी आहे की यंत्र केंद्रात न्यावे लागणारी आहे, हे लेखी विचारून घ्यावे. बॅटरीची वॉरंटी बहुधा एकाच वर्षाची असते, उर्वरित यंत्राची तीन वर्षांची असली तरी. पडल्याने किंवा पाणी सांडल्याने होणाऱ्या नुकसानीचे संरक्षण मिळत असेल, तर विद्यार्थ्यांसाठी ते घ्यावे. जीएसटीचे पक्के बिल मागून घ्यावे. लॅपटॉपवर १८ टक्के कर असतो आणि ‘बिल नको असेल तर कमी करतो’ असे सांगणारा विक्रेता आपली वॉरंटीही त्याच सवलतीत काढून घेत असतो.

अंदाजपत्रक आणखी तंग असेल, तर नव्या स्वस्त लॅपटॉपऐवजी कंपन्यांच्या वापरातून निवृत्त झालेला व्यावसायिक श्रेणीचा लॅपटॉप घेणे मला अनेकदा अधिक शहाणपणाचे वाटते. लेनोवोचा थिंकपॅड टी-मालिका, डेलचा लॅटिट्यूड आणि एचपीचा एलिटबुक ही यंत्रे रोजच्या प्रवासाचा विचार करून बांधलेली असतात, त्यांच्या बिजागऱ्या दणकट असतात, सुटे भाग मिळतात आणि अनेक मॉडेलांचा तळ साध्या पेचकसाने उघडतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत तसेच दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये ती नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात. मात्र एक रेषा ओलांडू नये: विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान ८वी पिढी लागते, काही मोजके अपवाद वगळता. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या जोड्यांत फसगत इथेच होते. थिंकपॅड टी४७० जुन्या पिढीचा, टी४८० बहुधा चालणारा; लॅटिट्यूड ७४८० जुना, ७४९० बहुधा चालणारा; एलिटबुक ८४० जी४ जुना, जी५ बहुधा चालणारा; तरीही प्रोसेसरची पिढी पाहूनच घ्यावे. टी४८० मध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत आणि एक बॅटरी बाहेरून काढता येते. त्यानंतरच्या टी४९० मध्ये रॅमचा एक भाग सोल्डर केलेला आहे आणि बाहेरची बॅटरी गेली, त्यामुळे नवा क्रमांक सरस असेलच असे नाही.

असे यंत्र दुकानात तपासताना घाई करू नये, आणि दुकानदार घाई करत असेल तर दुसरे दुकान गाठावे. प्रथम यंत्र बंद करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरावे. तिथे पासवर्ड मागितला गेला, तर ते यंत्र मूळ कंपनीच्या कुलपासह आलेले आहे आणि तो पासवर्ड काढणे सोपे नसते. नंतर विंडोज रीसेट करायला लावून, आपल्या मोबाइलचे हॉटस्पॉट जोडून, खाते विचारणाऱ्या पानापर्यंत जावे. त्या पानावर एखाद्या कंपनीचे नाव आले आणि तिचाच लॉगिन मागितला गेला, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. कितीही स्वस्त असले तरी ते घेऊ नये. इंटरनेट न जोडता ही खूण दिसत नाही, आणि काही दुकानदार नेमके ते जोडायचे टाळतात. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘बॅटरीरिपोर्ट’ या पर्यायासह देऊन अहवाल काढावा. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत वजा करून भाव करावा. एसएसडीची प्रकृती ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत साधनाने कळते. शेवटी प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह घालून, प्रत्येक कळ दाबून आणि पडदा पूर्ण पांढरा करून डाग पाहावेत.

नव्या यंत्राची खरेदी ऑनलाइन करताना मॉडेलच्या कुटुंबनावावर विसंबू नये. एकाच नावाखाली वेगवेगळे पडदे, रॅम आणि बॅटऱ्या विकल्या जातात. फरक मॉडेल क्रमांकाच्या शेपटीत असतो आणि परीक्षण वाचलेले यंत्र व घरी आलेले यंत्र निराळे निघण्याचे कारणही तेच असते. दसरा-दिवाळीच्या विक्रीत किमती उतरतात हे खरे, परंतु त्या काळात जुना साठाही खपवला जातो. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची कायमस्वरूपी आवृत्ती सोबत येत असेल, तर तिची वेगळी किंमत मनात धरून तुलना करावी. मराठी टंकलेखनासाठी मात्र वेगळा कीबोर्ड शोधण्याची गरज नाही. विंडोजमध्ये मराठी कळफलक आधीच असतो आणि तो सेटिंगमधून चालू करता येतो.

यंत्र घरी आल्यावर खोका फोडतानाचे चित्रीकरण करावे, अनुक्रमांक बिलाशी ताडून पाहावा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटीची तारीख तपासावी. ती खरेदीआधीची दिसली, तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्यावी. बदलून देण्याची मुदत बहुधा सात-दहा दिवसांचीच असते, म्हणून त्या काळात यंत्र रोजच्या कामाला जुंपावे: तासभराची व्हिडिओ बैठक, रात्रभर झाकण मिटून ठेवल्यावर उरलेला चार्ज, वाय-फायचा पल्ला, पंख्याचा आवाज. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज ११ सुरू केले की अनेक लॅपटॉपांवर डिस्क आपोआप सांकेतिक होते, म्हणजे तिच्यातील माहिती किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि पुढे मुख्य बोर्ड बदलला किंवा बायोस अद्ययावत केला, तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती त्या खात्यात ऑनलाइन जतन केलेली असते. खाते कोणाच्या नावाने उघडले आहे ते घरात सगळ्यांना माहीत असावे आणि ते ४८ अंक कागदावर उतरवून पक्क्या बिलाला टाचून ठेवावेत.